गंजगोलाईतलं लेस-मण्यांचं दुकान, लातूर

पोळ्याला मातीच्या बैलांवर घालायला लेकीला झुली हव्या होत्या, त्याही आईनंच शिवलेल्या. गंजगोलाईला १६ रस्ते येऊन मिळतात; त्यातल्याच एकावर, बोळीच्या तोंडाशी हे दुकान आहे. इथले काका अर्धा मीटर लेससुद्धा कापून देतात, तोंड वाकडं न करता. जरीची लेस, आरसे, लोकरीचे गोंडे, सगळं १५० रुपयांत बसलं. लेकीनं मण्यांच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला तरी रागावले नाहीत, उलट चार घुंगरं तिच्या मुठीत ठेवली. लाल सॅटिनचा रंग मात्र गेला. तिच्या ओल्या हातानं पांढऱ्या बैलाची पाठ गुलाबी झाली, पोरगी किती रडली! लाल कापड घ्यायचं तर कोपरा भिजवून बघा. लेस मात्र मी इथूनच घेणार.