दाढ काढल्यावर: मिठाचं पाणी की औषधी माउथवॉश?

आधी एक गोष्ट: पहिले २४ तास दोन्ही नाही. खड्ड्यात जमलेली रक्ताची गुठळी हेच जखमेचं झाकण. खळखळून चूळ भरली, जोरात थुंकलं की ते निघतं, हाड उघडं पडतं आणि दोन-चार दिवसांनी कानापर्यंत ठणका जातो. कापसाचा बोळा अर्धा-पाऊण तास दाबून धरा, लाळ गिळा.

दुसऱ्या दिवसापासून मिठाचं पाणी. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ, जेवणानंतर आणि झोपताना. तोंडात घ्या, मान इकडून तिकडे कलती करा आणि पाणी आपोआप बाहेर पडू द्या. पाणी कढत नको. खड्ड्यात अडकलेले भाकरीचे कण यानं निघतात. साध्या दाढेला बहुतेकदा एवढं पुरतं, खर्चही नाही.

औषधी माउथवॉश म्हणजे क्लोरहेक्सिडीन ०.२ टक्के. ते जंतू मारतं, म्हणून अक्कलदाढ कापून काढली किंवा हिरड्या सुजलेल्या असल्या तर डॉक्टर लिहून देतात. १० मिली, एक मिनिट, दिवसातून दोनदा. पेस्टनं ब्रश केल्यावर अर्धा तास थांबा, नाहीतर पेस्टमधल्या फेसामुळे त्याचा जोर कमी होतो. आठवडाभरानं दात तपकिरी दिसू लागतात, चहा जास्त असेल तर लवकरच. जेवणाची चवही बदलते. म्हणून बाटली उरली तरी सांगितलेल्या दिवसांपुढे वापरू नका.

तंबाखूची गोळी किंवा गुटखा चालू असेल, तर दोन्ही उपाय वाया. भाकर आठवडाभर दुधात कुस्करून खा.