बिनबिलाचं व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर: सीमाभागातल्या किडनी पेशंटच्या घरच्यांनी जरूर वाचा

आमच्या अण्णाला आईची किडनी बसवली. काही महिन्यांनी ताप आणि जुलाब सुरू झाले, रक्ताच्या पीसीआर तपासणीत सीएमव्ही, म्हणजे सायटोमेगॅलो विषाणू, निघाला. हा विषाणू बहुतेक मोठ्या माणसांच्या अंगात गप्प पडून असतो. शरीरानं नवी किडनी नाकारू नये म्हणून देतात त्या टॅक्रोलिमस, मायकोफिनोलेट या औषधांनी प्रतिकारशक्ती दाबली की तो डोकं वर काढतो. आतडी, फुप्फुसं, नवी किडनी, काही सोडत नाही. त्यावर व्हॅल्गॅन्सिक्लोव्हिर. ४५० मिलिग्रॅमच्या दोन गोळ्या सकाळी, दोन रात्री. किडनी किती चालते त्यावर डोस कमी होतो. आठवडेच्या आठवडे घ्यायचं, आणि महाग. चिकोडीकडच्या ऊसवाल्या घराला उसाचे पैसे वर्षातून एकदा मिळतात, गोळ्या रोज लागतात.

हेच हेरून माणसं फिरतात. पेशंटच्या नातेवाइकांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर एकानं बाटलीचा फोटो टाकला, निम्म्या किमतीत. वहिनीशी फोनवर बोलला, "अक्का, काळजी करू नका की. कोल्हापूरचा स्टॉक आहे. कोगनोळी नाक्याच्या अलीकडं बिल चालत नाही, म्हणून स्वस्त पडतंय बघा." आपलं निम्मं आयुष्य महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरच्या त्या नाक्याच्या अल्याडपल्याड जातं, त्यामुळं असं काही सांगितलं की पटतं. पण हे धादांत खोटं आहे. छापील किंमत राज्य बदललं म्हणून बदलत नाही, आणि लायसन असलेला दुकानदार कोल्हापूरचा असो की बेळगावचा, बॅच नंबर घालून बिल देतोच. यानं पैसे आधी फोनवरून घेतले, बाटल्या निपाणी स्टँडवर एका पोराच्या हाती पाठवल्या.

अण्णाचा ताप उतरेना. पीसीआरचा आकडा, म्हणजे रक्तातला विषाणू, वाढतच गेला. विषाणू औषधाला दाद देत नसावा, अशी डॉक्टरांना शंका आली. डोस अपुरा पडत राहिला तर तसं होतंही. मग फॉस्कार्नेट या दुसऱ्या औषधाची गोष्ट निघाली. ते शिरेतून द्यावं लागतं आणि किडनीलाच जड जातं. आईनं पोट कापून दिलेली किडनी, आणि तिलाच धोका! हे लिहितानाही हात थरथरतो.

पण डॉक्टरांना एक गोष्ट खटकली. या औषधानं पांढऱ्या पेशी बऱ्याचदा उतरतात, म्हणून तर सारखी सीबीसी, म्हणजे रक्तपेशींची मोजणी, करतात. अण्णाच्या तसूभरही हलल्या नव्हत्या. म्हणाले, "बाटली घेऊन या."

एक्सपायरीवर स्टिकर होता. नखानं उचलला, तर खालची तारीख खरवडलेली. खोक्यावर एक बॅच नंबर, बाटलीवर दुसरा. तळाला गुलाबी भुकटी साठलेली, गोळ्यांचं आवरणच सुटलं होतं. त्याच दिवशी दुकानातून बिलासह औषध आणलं, आणि पुढच्या तपासण्यांत आकडा उतरू लागला.

परवडत नसेल तर डॉक्टरांना तोंडावर सांगा, दुसऱ्या कंपनीचं स्वस्त जेनेरिक लिहून मागा. खोकं-बाटलीचा बॅच नंबर जुळवून बघा, संपलेली बाटलीही टाकू नका. संशय आला तर गोळ्या आपल्या मनानं बंद न करता आधी डॉक्टरांना गाठा, मग जिल्ह्याच्या औषध निरीक्षकाकडे लेखी तक्रार. पैसे ऑनलाइन गेले असतील तर लगेच १९३० ला फोन लावा.

त्या विकणाऱ्याचा नंबर आता बंद आहे. पण बाटलीचा तोच फोटो परवा दुसऱ्या ग्रुपवर वेगळ्या नावानं आलाय. निळ्या चादरीवर ठेवलेली बाटली, एक्सपायरीच्या जागी अंगठा.