रॉचेस्टर आणि पटकेट: संघ कुणाचा?

१९८१च्या एप्रिलमध्ये अमेरिकेतल्या पटकेटच्या मॅकॉय स्टेडियमवर रॉचेस्टर रेड विंग्ज आणि पटकेट रेड सॉक्स हे बेसबॉल संघ भिडले, आणि एरवी नऊ डावांत संपणारा सामना संपेचना. थंडीने काकडलेले खेळाडू मोडक्या बॅटींची शेकोटी करून बसले. पहाटे चारनंतर, ३२ डाव झाल्यावर खेळ थांबवला तेव्हा उरले होते अवघे १९ प्रेक्षक! जूनमध्ये ३३वा डाव १८ मिनिटांत आटोपला. पटकेट ३-२ने जिंकलं.

मैदानाबाहेर मात्र बाजी रॉचेस्टरची. १९५७मध्ये संघाचा मालक असलेल्या सेंट लुइस कार्डिनल्स या मोठ्या लीगमधल्या क्लबने हात काढून घेतला, तेव्हा मॉरी सिल्व्हर या स्थानिक व्यावसायिकाच्या पुढाकाराने ८,२२२ जणांनी शेअर घेतले. संघ गावाचा झाला.

पटकेटचा संघ खासगी. मालक बेन मोंडोर होते तोवर निभावलं. त्यांच्या पश्चात तो विकला गेला, नव्या स्टेडियमच्या पैशांवरून बोलणी फिसकटली, आणि २०२१पासून तो वूस्टर या दुसऱ्या शहरात खेळतो.

मला रॉचेस्टरचीच वाट पटते. पण भागधारक असले म्हणजे संघ टिकतोच असं नाही. शेजारच्या सिरॅक्यूजचा संघही लोकांचाच होता. २०१७मध्ये भागधारकांनीच तो न्यूयॉर्क मेट्स या मोठ्या लीगमधल्या क्लबला विकायला होकार दिला.