रहस्यकथा लिहायला गेले आणि ८५,९९९ रुपयांना गंडले

आकडा आधीच सांगून टाकते. ८५,९९९. एक रुपया कमी शहाऐंशी हजार. घरी ह्यांना त्यातले ४३,४९९ च माहीत आहेत, बाकीचे हे वाचून कळले तर कळू देत, मला आता लपवायचा पण कंटाळा आलाय. आणि एवढ्या शिकलेल्या असून कशा फसलात हे कृपा करून कोणी विचारू नका, नणंदेनं दोनदा विचारून झालंय.

मी सांगलीत सरकारी ऑफिसात अकाउंट्सला एकतीस वर्षं काढली. बिलं तपासायची, व्हाउचर बघायचं, तारीख चुकली की लाल पेनानं गोल करून परत पाठवायचं. लोक टरकायचे मला. हे मुद्दाम लिहितेय.

रिटायर झाल्यावर मुलीकडे इंग्लंडला तीन महिने होते, तिथल्या लायब्ररीत कोझी मिस्टरीचं अख्खं कपाट होतं. म्हणजे खून होतो पण रक्ताची थारोळी नाहीत, छोटं गाव, सगळे ओळखीचे, आणि पोलिसांच्या आधी एखादी म्हातारीच खुनी शोधून काढते. म्हटलं हे तर आपल्याकडे रोज चालतं, फक्त खून नसतो. आल्यावर लिहायला बसले. माझी शांताआजी, नृसिंहवाडीची रिटायर्ड पोस्टमास्तरीण. वाड्याच्या मालकाचा खून, आणि आजी खुनी पकडते भाड्याच्या पावतीवरून, कारण पावतीवर तारीख ८ ऑगस्ट २०१९ आणि त्या दिवशी वाडी महापुरात होती, पावती कोण फाडणार? सव्वा वर्ष लागलं मला ह्याला. दोन प्रकाशकांनी रहस्यकथा आता खपत नाहीत सांगितलं, तिसऱ्यानं उत्तरच दिलं नाही.

मग डिसेंबर २०२४ मध्ये फेसबुकवर पुस्तक छापून देणाऱ्या एका कंपनीची जाहिरात दिसली, नवोदित लेखकांसाठी वगैरे.  आधी 'मूल्यांकन' २,९९९. आठ दिवसांत एका मुलाचा फोन, काकू काय लिहिलंय तुम्ही! आणि खरं सांगू, त्यानं वाचलं होतं हो. शांताआजी पेढ्याच्या कागदावर संशयितांची नावं लिहिते ते त्याला आवडलं म्हणाला, ते पान ६१ वर आहे. माझ्या घरात कोणी पान ६१ पर्यंत पोचलं नव्हतं. ह्यांनी तर पहिल्या खुनाच्या आधीच चष्मा काढून ठेवला. मग मला सांगा, माणूस हुरळणार नाही?

पॅकेज ३४,५००. संपादन, कव्हर, ३०० प्रती, आणि त्यातच आयएसबीएनचे, म्हणजे पुस्तकाच्या ओळख क्रमांकाचे, ३,५००. नीट ऐका, आपल्या देशात आयएसबीएन फुकट मिळतो. दिल्लीच्या राजा राममोहन रॉय एजन्सीकडून, लेखकाला स्वतःला पण अर्ज करता येतो. मला हे कुणी सांगायचं?

वर कॉपीराइट नोंदणीचे वेगळे ६,०००. (सरकारी फी ५०० आहे. आणि नोंदणी नसली तरी लिहिलं त्या दिवसापासून हक्क तुमचाच असतो, ती सक्तीची नाही.)

आणि आता ते, ज्यानं मला अजून झोप लागत नाही. २७ जानेवारीला व्हॉट्सअॅपवर त्यानं कॉपीराइटच्या पावतीचा फोटो पाठवला. दिल्लीच्या ऑफिसचा गोल जांभळा शिक्का, खाली झोकदार सही, आणि शिक्क्याच्या मधोमध तारीख, २६ जानेवारी २०२५. सव्वीस जानेवारी! त्यात रविवार!! केंद्र सरकारच्या ऑफिसात कोण बसलं होतं शिक्का मारायला? मी स्वतः त्या सकाळी साबुदाणे भिजत घालून टीव्हीवर परेड बघत होते. फोटो मी मोठा करून बघितला, शिक्का किती स्वच्छ उमटलाय असं मनात आलं, आणि खाली हात जोडलेला इमोजी टाकला. एकतीस वर्षं तारखा तपासल्या, कादंबरीत म्हातारीला तारखेवरून खुनी पकडायला लावलं, आणि स्वतःच्या वेळी इमोजी. तो मुलगा हसला असेल. त्यानं तर कादंबरी वाचली होती!

एवढ्यावर थांबले असते तरी ४३,४९९ वर सुटले असते. मार्चमध्ये दुसरा माणूस, ओटीटीवाल्यांना हक्क हवेत, साडेआठ लाख देतायत, फक्त दहा टक्के टीडीएस, म्हणजे त्या रकमेवरचा कर, आधी भरावा लागेल, ८५,०००, काकू तुमच्यासाठी निम्मे कंपनी भरते. मी ४२,५०० पाठवले. टीडीएस पैसे देणारा कापून घेतो, घेणारा आधी भरत नाही, हे मी शंभर लोकांना समजावलंय. पण तेव्हा डोळ्यासमोर शांताआजीचं काम कोण करेल हे चाललं होतं. यूपीआयवर कंपनीचं नावसुद्धा नव्हतं, कुठल्यातरी माणसाचं होतं. दिसलं मला. अकाउंटंटचं असेल म्हटलं.

दुसऱ्या दिवसापासून फोन बंद. ३०० पैकी २० प्रती आल्या, त्यात सोळा पानांचा एक गठ्ठा दोनदा बांधलेला, ११३ ते १२८ परत ११३ ते १२८, आणि १२९ ते १४४ गायब. मागचा आयएसबीएन भाचीनं गुगलवर टाकला तर गरोदरपणातल्या आहाराचं पुस्तक निघालं.

असं झालं तर सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनला, १९३० ला फोन लावा, पण लगेच लावा, तासाभरात पैसे अडकवता येतात. मी लाजेपायी एकोणीस दिवस घालवले. तिथली मुलगी म्हणाली ओटीपी दिला का? नाही. लिंक उघडली का? नाही. मग तुम्हीच पाठवलेत ना मॅडम? जसं काही ओटीपी दिला असता तर तिला बरं वाटलं असतं. बँकेत तेच. पोलीस स्टेशनला पहिल्या दिवशी साहेब बंदोबस्ताला, दुसऱ्या दिवशी हा दिवाणी मामला आहे, सायबरला जा, सायबरवाले म्हणे करार झालाय ना मग पोलीस स्टेशनला जा, मी सहा वेळा त्या दोन जिन्यांची चढउतार केली, गुडघे माझे, पेट्रोल माझं. फसवणुकीचं कलम आता ३१८ झालंय हे मीच त्यांना सांगितलं. एकानं तर विचारलं, काकू ह्या वयात कशाला कादंबऱ्या? का, वय झालं की फक्त पोथ्या वाचायच्या?

शेवटी ग्राहक आयोगात तक्रार टाकलीय. पाच लाखांपर्यंत फी नाही, आपल्या जिल्ह्यात करता येते, वकील लागतोच असं नाही. व्हॉट्सअॅप चॅट डिलीट करू नका, रागानं मी निम्मं केलं होतं. किंडलवर ई-बुक फुकट टाकता येतं, मराठीतलं पण, आधी ते करा. आणि पुस्तक छापायला लेखकाकडे पैसे मागणारा प्रकाशक नसतो, तो छपाईवाला असतो, मग त्याच्याशी भाव छपाईवाल्यासारखाच करा, जीएसटी नंबर मागा, पैसे कंपनीच्या खात्यावरच.

एक प्रत पुरावा म्हणून हवालदारांनी ठेवून घेतली होती. परवा त्यांचा फोन आला, माझ्या छातीत धस्स झालं, म्हटलं सापडला. तर म्हणाले, काकू ह्यात १२८ नंतरची सोळा पानंच नाहीत, पावतीवरून आजीला नक्की काय कळतं?

म्हटलं, एफआयआरची कॉपी द्या, मग सांगते.