सर्व्हिसिंग ५००, बिल ४,४००: ‘गॅस कमी झालाय’ म्हटल्यावर आधी काय तपासायचं

नाशिकमध्ये होळी झाली की हिवाळाभर बंद असलेले एसी सुरू होतात, आणि फसवणुकीचा हंगामही तेव्हाच लागतो. इंदिरानगरच्या एका घरातलं बिल बघा: सर्व्हिसिंग ५००, गॅस ३,०००, कॅपॅसिटर ९००. दीड टनाचा इन्व्हर्टर एसी, तीन वर्षं वापरलेला. यातली पहिली रक्कम तेवढी रास्त.

इंटरनेटवर सापडलेल्या नंबरवरून आलेल्या माणसाने घरातल्या युनिटची जाळी उघडलीच नाही. थेट आउटडोअरला, म्हणजे बाहेरच्या युनिटला, गॅसचा दाब मोजणारं गेज लावून म्हणाला, “काका, दाब ९० वर आलाय, १२० तरी पाहिजे.” गेज खोटं बोलत नव्हतं. पण जाळी आणि तिच्यामागची कॉइल (हवा थंड करणारी नळ्यांची गुंडाळी) धुळीने बुजली की हवा कमी जाते, कॉइलला उष्णता मिळत नाही आणि दाब आपोआप उतरतो. कधी बर्फही धरतो. गॅस पुरेसा असूनही! शिवाय इन्व्हर्टरमध्ये कॉम्प्रेसरचा वेग बदलतो तसा दाब बदलतो, त्यामुळे नुसत्या गेजवरून गॅसचं माप ठरत नाही.

म्हणून आधी जाळी-कॉइल धुऊन घ्या. मग खोली गरम असतानाच १८ वर एसी लावा, १५-२० मिनिटं थांबा. आत ओढल्या जाणाऱ्या आणि बाहेर येणाऱ्या हवेत १० अंशांच्या आसपास फरक असेल, तर गॅसला हात लावू देऊ नका.

गॅस पेट्रोलसारखा जळून संपत नाही. तो बंद तांब्याच्या नळीत फिरत असतो, कमी झाला म्हणजे कुठेतरी गळती आहे. बहुतेकदा फ्लेअर नटपाशी, म्हणजे नळी जोडणाऱ्या नटपाशी, किंवा कॉइलमध्ये, आणि तिथे तेलकट डाग दिसतो. साबणाचा फेस लावून नाहीतर नायट्रोजन भरून गळती शोधायची, दुरुस्त करायची, मग नळीतली हवा आणि ओल काढायला व्हॅक्यूम पंप किमान अर्धा तास चालवायचा. त्यानंतर गॅस वजन करून भरायचा. किती ग्रॅम, ते आउटडोअरच्या स्टिकरवर छापलेलं असतं. सिलेंडर काट्यावर ठेवायला जो तयार नाही, त्याला गॅस भरू देऊच नका. गळती तशीच ठेवून वरून गॅस मारला तर तोही निघून जातो आणि पुन्हा तेच बिल.

कॅपॅसिटरची गोष्ट तर उघड लबाडी. इन्व्हर्टर एसीच्या कॉम्प्रेसरला रन कॅपॅसिटर (मोटर चालायला मदत करणारा विजेचा पार्ट) नसतोच. साध्या एसीत असतो, तिथे मल्टिमीटरवर मायक्रोफॅरडचा, म्हणजे कॅपॅसिटरच्या क्षमतेचा, आकडा दाखवायला सांगा, छापील आकड्याशी ताडून बघा आणि काढलेला जुना पार्ट घरीच ठेवून घ्या.

कंपनीचा नंबर वॉरंटी कार्डावरूनच घ्या; शोधल्यावर वर येणारा ‘कस्टमर केअर’ कुणाचाही असू शकतो. गॅसचा प्रकार आणि ग्रॅम लिहिलेलं पक्कं बिल मागा. फसलाच असाल तर बिल, यूपीआयची पावती आणि गेजचा फोटो जपून ठेवा आणि राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर तक्रार नोंदवा.