विरळणीसाठी चेनसॉ: ५० सीसी की ७० सीसी?

स्कॉटलंडमधल्या सिट्का स्प्रूसच्या (सुईसारख्या पानांचं झाड) पहिल्या विरळणीत, म्हणजे उरलेल्यांना जागा मिळावी म्हणून काही झाडं काढताना, खोडं साधारण वीतभर जाडीची. पाडायला वेळ लागत नाही. घाम निघतो तो फांद्या छाटताना (सुया टोचतात त्या वेगळ्याच). चेनसॉ दिवसभर हातातच. म्हणून माझी पसंती स्टिल कंपनीच्या एमएस २६१ ला: ५०.२ सीसी, बार (चेन जिच्यावर फिरते ती पट्टी) आणि चेन सोडून सुमारे ५ किलो. बार १५ इंची पुरे. लांब बारचं टोक शेजारच्या फांदीला लागलं की यंत्र उसळून अंगावर येतं.

स्टिलचीच एमएस ४६२ म्हणजे ७२.२ सीसी, ६ किलो. ताकद दणदणीत, पेट्रोलही जास्त. किलोभराचा फरक दुकानात जाणवत नाही, दुपारनंतर कंबरेला कळतो. पुढे जाड झाडंही पाडायची असतील, तरच ती घ्यावी.