दंडारीची डीव्हीडी, ओव्यांची सीडी: तालुक्यात राइट करून घ्यावी की कारखान्यातून छापून आणावी?

गावच्या मंडळानं दंडारीचं, म्हणजे पूर्व विदर्भातल्या लोकनाट्याचं, चित्रीकरण केलं, आयाबायांकडून जात्यावरच्या ओव्या म्हणवून घेतल्या, आता त्याच्या सीडी-डीव्हीडी काढून मंडईत, म्हणजे दिवाळीनंतरच्या गावजत्रेत, विकायच्या आहेत आणि शाळांना द्यायच्या आहेत. इथपर्यंत आलेल्या मंडळापुढे दोन वाटा असतात. तालुक्याच्या फोटो स्टुडिओत कोऱ्या डिस्कवर प्रती राइट करून घेणं ही एक, आणि नागपूरच्या एखाद्या मध्यस्थामार्फत कारखान्यातून छापील डिस्क मागवणं ही दुसरी. भंडारा, गोंदिया, चंद्रपूर, गडचिरोलीकडची मंडळं डोळ्यांपुढे ठेवून लिहितो आहे. माझं मत आधीच सांगतो: पाचशेच्या आत प्रती हव्या असतील तर राइट करून घ्या आणि वाचलेला पैसा तपासणीवर व वेष्टनावर खर्च करा.

दोन्ही डिस्क दिसायला सारख्या, पण आतून वेगळ्या. छापील डिस्कसाठी काचेच्या मास्टरवरून निकेलचा साचा करतात. वितळलेलं पॉलिकार्बोनेट त्या साच्यात दाबलं की सूक्ष्म खळगे उमटतात आणि त्यावर ॲल्युमिनियमचा थर चढतो. म्हणजे आवाज आणि चित्र प्लॅस्टिकच्या आकारातच कोरलेलं असतं. राइट होणाऱ्या डिस्कमध्ये मात्र सेंद्रिय रंगाचा थर असतो आणि लेझर त्यात खुणा उमटवतो. हा रंग ऊन आणि उष्णतेनं बिघडत जातो. मे महिन्यात चंद्रपूर-ब्रह्मपुरीकडे पारा 45 अंशांच्या वर जातो, आणि टिनाच्या छपराखालच्या फळीवर त्याहून जास्त तापतं. टिकाऊपणात छापील डिस्क सरस आहे, यात वाद नाही.

अडतं ते पैशाशी. साच्याचा खर्च प्रती 100 असोत की 1000, तेवढाच येतो. म्हणून असं काम साधारण 500 किंवा 1000 प्रतींपासूनच परवडतं. पाच-सहा गावांत मिळून तेवढ्या खपत नसतील तर गठ्ठे कोणाच्या तरी घरी पडून राहतात आणि मंडळाचा पैसा अडकतो. दुसरी गोष्ट मला त्याहून मोठी वाटते. एखाद्या गाणाऱ्या आजीचं नाव चुकीचं छापलं गेलं तर हजार प्रतींवर ते चुकीचंच राहतं. राइट केलेल्या प्रती पन्नास-पन्नासच्या खेपेनं निघतात, त्यामुळे पुढच्या खेपेत नाव दुरुस्त होतं. जिनं आयुष्यभर जात्यावर गायलं, तिचं नाव बरोबर यायलाच हवं.

राइट करण्याचा तोटा म्हणजे वेळ. भरलेली डीव्हीडी 8 एक्स, म्हणजे मूळ वेगाच्या आठपट वेगानं राइट व्हायला आठ-दहा मिनिटं लागतात. एकाच ड्राइव्हवर 200 प्रती म्हणजे तीसेक तासांचं काम, त्यात मध्येच लाइन गेली तर ती डिस्क वाया. यूपीएस किंवा चांगल्या बॅटरीचा लॅपटॉप नसेल तर हे काम हातात घेऊ नका. लग्नाचं शूटिंग करणाऱ्या स्टुडिओवाल्यांनी वर्षानुवर्षं डीव्हीडी काढलेल्या असतात, काहींकडे एका वेळी अनेक प्रती काढणारा डुप्लिकेटरही असतो. त्यांना दोन गोष्टी आवर्जून सांगा: डिस्क फायनलाइझ करा, म्हणजे पुढे काही भरता येणार नाही अशी बंद करा, आणि वेग सगळ्यात वरचा ठेवू नका. राइट होणाऱ्या डीव्हीडीचे प्लस आर (+R) आणि मायनस आर (-R) असे दोन प्रकार मिळतात; जुन्या प्लेअरवर प्लस आरपेक्षा मायनस आर बहुधा नीट चालते.

कोऱ्या डिस्कची निवड पूर्वी सोपी होती, आता जपून करावी लागते. देशातली मोठी उत्पादक कंपनी मोजर बेअर 2018 मध्ये अवसायनात निघाली. दुकानात मिळणारा माल कधीचा आहे, हे विचारूनच घ्या. नागपूरच्या सीताबर्डीतून पूर्ण स्पिंडल, म्हणजे दांडीवर रचलेला कोऱ्या डिस्कचा गठ्ठा, आणण्याआधी त्याच मालातल्या चार-पाच डिस्क राइट करून गावातल्या वेगवेगळ्या प्लेअरवर सुरुवातीपासून शेवटपर्यंत चालवून पाहा. बिघाड बहुतेक वेळा कडेला, म्हणजे शेवटच्या गाण्यांत सापडतो. पहिली दोन मिनिटं ऐकून ‘चालते’ म्हणणं म्हणजे तपासणी नव्हे.

सीडी की डीव्हीडी, हे मजकुरावरून ठरतं. ऑडिओ सीडीत 80 मिनिटं बसतात, ओव्यांच्या निवडक संग्रहाला तेवढी पुरतात. तीच गाणी एमपी3 करून टाकली तर दहा-अकरा तासांचा ऐवज मावतो, पण जुन्या साध्या सीडी प्लेअरवर एमपी3 वाजेलच असं नाही. म्हाताऱ्या माणसांच्या घरी द्यायची प्रत ऑडिओ सीडीच असावी. एका थराच्या डीव्हीडीत 4.7 जीबी बसतं, म्हणजे बऱ्या दर्जाचं दोन तासांचं चित्रण. रात्रभर चालणारी दंडार त्यात कोंबली तर चेहरे चौकोनी तुकड्यांत फुटलेले दिसतात. दोन डिस्क करा. दुहेरी थराच्या राइट होणाऱ्या डिस्कच्या नादी लागू नका, त्या महाग पडतात आणि जुने प्लेअर त्यांना नीट वाचत नाहीत.

पेनड्राइव्ह का नको, असं तरुण पोरं विचारतील. नव्या लॅपटॉपला ड्राइव्ह नसते, गाडीत आणि टीव्हीला यूएसबी असतं, हे खरंच आहे. शाळेला एक पेनड्राइव्ह जरूर द्या. पण घराघरांत दिलेल्या पेनड्राइव्हवर आठवड्याभरात सिनेमाची गाणी भरली जातात आणि ओव्या पुसल्या जातात. राइट होऊन बंद झालेल्या डिस्कवरचं कोणी पुसू शकत नाही.

आता वेष्टन. मंडळं इथे घाई करतात आणि माल इथेच खराब होतो. कडक प्लॅस्टिकचा ज्युएल केस दिसतो छान, त्यात ओव्यांच्या शब्दांची पुस्तिकाही बसते. पण त्याची बिजागरी एसटीतल्या पार्सलात टिकत नाही, आणि तुटला की घरात तो केस फेकून डिस्क तशीच फळीवर ठेवतात. खिडकीचं कागदी पाकीट सगळ्यात स्वस्त, पण त्यावर नावं छापायला जागा नाही आणि पावसाळ्यात कागद ओल धरतो. जाड कार्डाचं घडीचं पाकीट मला सगळ्यात योग्य वाटतं. लग्नपत्रिका छापणाऱ्या प्रेसमध्ये 300 जीएसएम (कागदाच्या वजनाचं माप) आर्ट कार्डावर ते करून मिळतं. 12 बाय 18 इंची शीटवर दोन पाकिटं आरामात बसतात आणि मागच्या बाजूला सगळ्या गाणाऱ्यांची, ढोलकी-टाळवाल्यांची नावं येतात. अडचण वाळवीची. मातीच्या भिंतीतल्या कोनाड्यात कार्ड सुरक्षित नाही, म्हणून शाळेच्या आणि ग्रामपंचायतीच्या कपाटासाठी काढलेल्या प्रती उभ्या डीव्हीडी डब्यात द्या. तो डबा मजबूत असतो आणि कण्यावरचं नाव वाचून डिस्क सापडते.

डिस्कवर कागदी स्टिकर मुळीच लावू नका. उन्हानं त्याचा गोंद सुटतो, डिस्क फिरताना तोल जातो, आणि कडा सुटलेलं स्टिकर प्लेअरच्या आत अडकतं. इंकजेटवर छापता येणाऱ्या पांढऱ्या डिस्क घेतल्या तर ओल्या हातानं शाई पसरते, हे विकणाऱ्या पोरांना सांगून ठेवा. सीडीवर बॉलपेननं तर कधीच लिहू नये. तिच्यातला माहितीचा थर नावाच्या बाजूला, पातळ लॅकरच्या लगेच खाली असतो. डीव्हीडीत तो दोन चकत्यांच्या मधे असतो, पण पेन टोचण्याची सवय तिथेही नको.

कायद्याचा भाग छोटा आहे, पण दोन्ही वाटांना सारखाच लागू आहे. कॉपीराइट कायदा 1957 च्या कलम 52अ नुसार ध्वनिमुद्रणाच्या डिस्कवर आणि तिच्या वेष्टनावर ते करणाऱ्याचं नाव-पत्ता, हक्कदाराचं नाव-पत्ता आणि पहिल्या प्रकाशनाचं वर्ष असावं लागतं. चित्रफितीलाही असा तपशील लागतो, आणि तिला सेन्सॉर प्रमाणपत्र लागत असेल तर त्याची प्रतही. कलाकारांची लेखी संमती घ्या. अंगठा असेल तर अंगठा, पण वाचून दाखवल्यावरच.

हजार प्रतींची खरी मागणी असेल, म्हणजे जिल्ह्यातल्या शाळांकडून किंवा एखाद्या संस्थेकडून लेखी ऑर्डर हातात असेल, तर बिनधास्त छापून घ्या. मध्यस्थाला दर विचारताना साचा, डिस्कवरची छपाई, वेष्टन आणि वाहतूक यांचे आकडे वेगवेगळे मागा आणि छपाईआधी एक नमुना हातात घ्या. कोणतीही वाट धरा, मूळ ध्वनिमुद्रण डब्ल्यूएव्ही (WAV), म्हणजे एमपी3सारखं न दाबलेल्या स्वरूपात आणि मूळ चित्रण जसंच्या तसं दोन हार्ड डिस्कवर ठेवा, आणि त्या दोन हार्ड डिस्क दोन वेगळ्या घरांत.